नदीची मिजाजपुर्सी

'वाहतं पाणी निर्मळ' असं कुणी म्हणालं की माझं डोकं उठतं. म्हण काही वाईट नाही. मी स्वतः ती शुद्धलेखनात पोरांना कितीतरी वेळा घातली आहे. पण वामनराव मास्तरांच्या सोबत नोकरीची काही वर्षं काढल्यापासून ही म्हण मला निवांतपणे ऐकवत नाही. बोलणारा सहज बोलून जातो आणि मी चहाचा कप हातात धरून कडू तोंड करून बसतो. घरातले म्हणतात, यांचं वय झालं.

वामनराव आमच्या शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर. निजामाचं राज्य होतं, हुद्दे सगळे उर्दूत आणि भारदस्त. शाळा मात्र दोन खोल्यांची आणि मास्तर दोघेच, एक ते आणि एक मी. हुद्दा गाजवायला त्यांच्या हाताखाली मी एकटाच होतो, आणि तो त्यांनी कधी गाजवला नाही. गाव भोकरदनच्या वरच्या अंगाला, केळना नदीच्या काठावर. बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत मी तिथं रुजू व्हायला गेलो तेव्हा शाळेला कुलूप नव्हतं, पण आत माणूसही नव्हतं. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, हेडमास्तर कुठं आहेत? तो म्हणाला, "नदीत."

मला वाटलं, गेले! पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसेना, म्हणून नदीकडं निघालो.

वामनरावांचं पहिलं दर्शन मला पाठमोरं झालं. धोतराचा काचा मारलेला, गुडघाभर पाण्यात उभे, कमरेतून वाकलेले, आणि भोवती सगळी शाळा पाण्यात ओणवी. मी काठावरून नमस्कार केला. मागं न बघताच ते म्हणाले, "तिथंच थांबा. गढूळ करू नका." मग त्यांनी पाण्यातून एक चपटा धोंडा उचलला, उलटा केला आणि माझ्यापुढं धरला. धोंड्याच्या पोटाला कसले कसले किडे चिकटले होते. काही सपाट, काहींना मागं बारीक शेपट्या, काहींनी वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर केलेलं.

"बघा," ते म्हणाले, "तब्येत उत्तम आहे."

"कुणाची?" मी विचारलं.

"नदीची. दुसऱ्या कुणाची?"

मी तसा आळशी माणूस. चालणं मला आवडत नाही आणि किडे तर त्याहून आवडत नाहीत. मी तो धोंडा हातात घेतल्यासारखा केला आणि पाण्यात टाकून दिला.  वामनरावांनी वाकून तो पुन्हा शोधला, होता त्या जागी, होता तसा, पालथा ठेवला, आणि मग माझ्याकडं वळून म्हणाले, "त्यांचं छप्पर आहे हो ते." रागावून नाही. शेजारच्या घरावर कुणाची चुकून वीट पडली तर आपण सांगू तसं.

दगड उलटा करून बघणं हा त्यांचा स्वभावच होता. नवा तहसीलदार आला, गावानं त्याचं गुणगान सुरू केलं, की हे म्हणायचे, "वरून गुळगुळीत आहे. उलटा केल्यावर कळेल." माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीच्या बापाबद्दल मी त्यांचं मत विचारलं. ते म्हणाले, "दगड उलटा करून बघा. पण बघून झाल्यावर होता तसा ठेवा, सासरा आहे." हा सल्ला मी आयुष्यभर पाळला.

वामनराव हैदराबादेत कॉलेजात सायन्स शिकायला गेले होते, पण दम्यानं ते पुरं होऊ दिलं नाही. परत येताना दोन गोष्टी बरोबर आणल्या. एक शास्त्राचं वेड आणि दुसरी एक पांढरीशुभ्र चिनीमातीची बशी. त्या काळी आमच्याकडं चिनीमाती म्हणजे विटाळ. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, ती बशी उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिली नाही. ती बाहेर ओसरीच्या कोनाड्यात राहायची. वामनराव तिला सुतळी बांधून डोहात सोडायचे आणि दिसेनाशी होईपर्यंत वाकून बघत राहायचे. बशी जितकी खोल जाऊन दिसेल तितकं पाणी नितळ. दिसेनाशी झाली की सुतळीवर नखानं खूण धरायची आणि वर ओढायची. मग बेडकांचा अंदाज, मग चिखल बोटावर घेऊन त्याचा वास, मग गुरं कुठल्या अंगाला तोंड लावतात ते.

सगळ्यात शेवटी चव. ओंजळीनं पाणी तोंडात घ्यायचे, डोळे मिटायचे, गालात इकडून तिकडं फिरवायचे आणि बाजूच्या खळग्यात थुंकून टाकायचे. तिथं ते कधी घोट गिळत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "वैद्यानं रोग्याचं औषध प्यायचं नसतं." थुंकून झालं की निकाल. धुणी धुणाऱ्या बायका हातातलं थांबवून विचारायच्या, "मास्तर, काय म्हन्ती माय?" नदीला आमच्याकडं मायच म्हणतात. मास्तर सांगायचे, "गोड." एखाद्या वर्षी आषाढात तुरट, एखाद्या चैत्रात मचूळ. पण बहुतेक वेळा गोड. आणि त्यांनी गोड म्हटलं की ते गोडच. पाण्याच्या बाबतीत त्यांच्या शब्दावर गाव डोळे मिटून चालायचं.

एकदा तालीमातीचे मोहतमिम, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, औरंगाबादेहून न सांगता आले. शाळा रिकामी. साहेबांना नदीवर घेऊन जाणं माझ्या नशिबी आलं. वाटेत मी काय काय थापा मारल्या ते आठवत नाही. साहेब काठावर उभे राहिले, शेरवानीच्या आत त्यांचा घाम मला बाहेरून दिसत होता. म्हणाले, "मास्टरसाब, ये क्या हो रहा है?"

"जुगराफिया, हुजूर," वामनराव पाण्यातूनच म्हणाले. जुगराफिया म्हणजे भूगोल. "दरिया की तबीयत देख रहे हैं."

 माझी नोकरी गेली असं मी धरून चाललो. मग साहेबांनी बूट काढले, पायजमा वर घेतला आणि काठावरच्या खडकावर बसून पाय पाण्यात सोडले. एका पोरानं त्यांच्या हातात उलटा दगड दिला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला. निघताना मला म्हणाले, "आप के सदर मुदर्रिस तो नदी की मिजाजपुर्सी करते हैं." मिजाजपुर्सी म्हणजे आजाऱ्याच्या घरी जाऊन तब्येतीची विचारपूस करणं. तेव्हापासून मी वामनरावांना चिडवायचो, "चला, मिजाजपुर्सीला जाऊ." ते हसायचे, आणि हसता हसता त्यांना दम लागायचा.

त्या दम्याबद्दल सांगायलाच हवं. उंच, वाळका देह, आणि छाती म्हणजे नुसता पिंजरा. दमा उठला की त्यांना स्वस्थ बसवत नसे, आडवं होणं तर लांबच. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, तोंड उघडं ठेवून, मान वर करून बसायचे. वहिनी धोतऱ्याची वाळकी पानं निखाऱ्यावर टाकून त्याचा धूर द्यायच्या. अशा वेळी घरात माणसं जमायची, आणि प्रेमानं जमलेली माणसं जवळच बसतात. वामनराव हातानं खुणावायचे, मागं सरा. बोलणं जमलं की पहिलं वाक्य तेच, "मागं सरा, वारा लागू द्या."

गावाच्या वरच्या अंगाला आसरांचा डोह होता. साती आसरा, पाण्यातल्या देवता. काठावर शेंदूर लावलेले सात गोटे. चैत्रात विहिरी तळ गाठायच्या तेव्हा अख्खं गाव त्या डोहावर तगायचं. डोहात मासे होते, हातभर लांबीचे, खवल्याखवल्यांचे, आणि ते आसरांचे म्हणून त्यांना कुणी गळ लावत नसे. बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडली की डोहाला ओटी भरायची. मंगळवारी बाया दहीभात आणायच्या. एरवी मासे खाली खोल असत, कधी एखादा वर आला तर ज्याला दिसला त्याचं भाग्य. 'दर्शन झालं' असंच म्हणत.

मग ती मोठी लढाई सुरू झाली. लढाई कुठं चालली होती ते आमच्या गावाला धड माहीत नव्हतं. पण जालन्याहून एक गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, आला आणि म्हणाला, अंबाडीचा वाख असेल तेवढा द्या. लष्कराला दोर हवेत, पोती हवीत. अंबाडी आमच्याकडं पूर्वीपासून होती, ज्वारीच्या कडेनं दोन ओळी, भाजीला पाला आणि घरच्या चऱ्हाटापुरता वाख. तिच्या पेंढ्या पाण्यात दगडाखाली दाबून कुजवाव्या लागतात, मग दोर वळायची साल सुटते, तोच वाख. कुजताना पाणी काळं होतं आणि असा वास सुटतो की नाकाला पदर लावल्याशिवाय जाता येत नाही. म्हणून जुनी वहिवाट अशी होती की अंबाडी भिजत घालायची ती गावाच्या खाली, मसणवट्याच्याही पलीकडं एक डबकं होतं तिथं.

त्या वर्षी लोकांनी शेतंच्या शेतं अंबाडीनं भरली. पेंढ्या निघाल्या त्या डबक्यात मावेनात. मग त्या डोहाच्या वर गेल्या. का, तर वर पाणी वाहतं आहे. नदीतलेच चपटे धोंडे उचलून पेंढ्यांवर ठेवले. पहिली गाडी वर नेली ती वामनरावांच्या थोरल्या भावानं, अण्णांनी.

अण्णा माणूस सोन्यासारखा. धाकट्या भावाला लहानपणापासून पाठीवर घेऊन वाढवलेला. दम्याचा झटका आला की रात्र रात्र त्याच्या पाठीमागं पाठ लावून बसायचा, त्याला टेकायला बरं म्हणून. घर एकत्र, शेती अण्णांकडं. वामनराव त्यांच्याकडं गेले तेव्हा मी बरोबर होतो.

"अण्णा, पेंढ्या खाली न्या. डोह नासंल."

"कसा नासंल? वाहत्या पान्याला काय व्हतंय, वामन? तूच शिकवतो न पोराह्यला, वाहतं पानी निर्मळ?"

"आता वाहून राह्यलं. कार्तिक सरता सरता धार तुटती. मंग जे काही वर हाय ते सगळं डोहात बसतं. उन्हाळ्यात पिणार काय?"

अण्णा हसले. "तोवर आपला वाख निघल की. काळजी नको करू, तुला दम लागंल."

मी शुद्धलेखनात घातलेली ती म्हण अशी आमच्याच अंगावर आली. वामनराव मग माणिकराव पाटलांकडं गेले. पाटलांनी चहा पाजला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं बराबर असंल. पन सगळ्या गावाच्या पेंढ्या हायेत. माझ्याबी हायेत. कुनाला म्हनू, तुझी काढ?" भोकरदनच्या कचेरीतही जाऊन आले. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली, ही मोठीच गोष्ट. म्हणाले, "मास्टरसाब, जंग चल रही है. और आप मछलियों की बात कर रहे हैं?"

कुणी त्यांना टाकून बोललं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. जो तो गोड बोलायचा, चहा द्यायचा आणि पेंढ्या तिथंच राहायच्या. त्या वर्षी अण्णांनी घरावर नवी मंगलोरी कौलं घातली. माळवदाची गळती ऐन पावसाळ्यात वामनरावांचा दमा वाढवायची, म्हणून मुख्यतः ती कौलं घातली. वामनराव मला म्हणाले, "काय बोलू सांगा गुरुजी. मी त्याच कौलांखाली झोपून राह्यलो."

ते रोज डोहावर जायला लागले. बशी हात दीड हातावरच दिसेनाशी व्हायला लागली. दगड उलटे केले तर पोटं रिकामी, नुसता काळा बुळबुळीत लेप. बायकांनी विचारलं, काय म्हन्ती माय? हे म्हणाले, "मचूळ." मग काही दिवसांनी बायका विचारायच्या आणि हे न बोलताच पुढं जायचे.

धार तुटली. त्यानंतरचा मंगळवार मला विसरता येत नाही. सकाळीच गावात ओरडा झाला, आसरांचे मासे वर आले! एक नाही, दोन नाही, सगळेच्या सगळे. गाव धावलं, मीही धावलो, मला न धावण्याची सवय असूनही. डोहाच्या काळ्या पाण्यावर जिकडं तिकडं उघडी तोंडं. उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. बायांनी हात जोडले, कुणी रडायलाच लागल्या. असं दर्शन बापजाद्यांच्या काळात झालं नव्हतं. हलगी वाजायला लागली. दहीभाताच्या परड्यांवर परड्या पाण्यात पडायला लागल्या, आणि तो भात त्या उघड्या तोंडांच्या आसपास फुगून पसरायला लागला.

वामनराव गर्दीतून पुढं आले. "टाकू नका!" ते ओरडले. "दर्शनाला न्हाई आले ते! त्यांचा जीव घुसमटून राह्यलाय! पाण्यात हवाच न्हाई राह्यली. भात नका टाकू, अजून नासंल. वर चला, पेंढ्या काढा, वरचं पाणी मोकळं करा!"

हलगीपुढं कोण ऐकतो. ते पाण्यात उतरले, हातानं भात बाजूला सारायला लागले. आणि तेवढ्यात त्यांचा दमा उठला. कसेबसे काठावर आले, हात गुडघ्यांवर टेकले, मान वर केली, तोंड उघडं. सगळं अंग थरथरत होतं. पुढं डोहात ती तोंडं आणि इकडं काठावर हे. मला दोन्हींकडं बघवेना.

एक म्हातारी ओरडली, "मास्तराच्या अंगात आलं गं! आसरा आली!"

हलगी थांबली. क्षणात सगळं गाव मास्तरांभोवती. कुणी कपाळाला कुंकू लावलं, कुणी पायावर पाणी घातलं, कुणाचा तरी झेंडूचा हार गळ्यात पडला. खुद्द अण्णा, डोळ्यांत पाणी, हात जोडून धाकट्या भावापुढं गुडघे टेकून बसले. "माय," ते म्हणाले, "काय चुकलं आमचं? काय पाहिजे तुला? सांग, माय."

आणि मला कळलं, ही वेळ आहे. महिनाभर जे पाटलांना कळलं नाही, कचेरीला कळलं नाही, ते आता एका शब्दात होणार होतं. मी त्यांच्या कानाशी वाकलो. "बोला," मी म्हणालो. "अंबाडी काढा, एवढंच बोला. आसराच बोलतेय असं समजतील. बोला!"

वामनरावांनी माझ्याकडं बघितलं. मग अण्णांकडं. मान हलवली. श्वासाच्या दोन तुकड्यांत म्हणाले, "अण्णा... मी वामन हाय. दमा हाय मला."

एवढंच.

लोक हळूहळू मागं झाले. पुटपुटणं सुरू झालं. आसरा आली होती, मास्तरांनी ओळख दिली नाही, आसरा परत गेली. दुसऱ्या दिवशी डोहावर पांढऱ्या पोटांचा थर होता, आणि त्याचं कारण गावाला पाठ होतं, आसरा रुसली. वामनरावांना कुणी शिवी दिली नाही. फक्त बायका त्यांना पाण्याचं विचारेनाशा झाल्या.

मी मात्र चिडलो होतो. आजही आहे. मी त्यांना विचारलं, दोन शब्द बोलायला काय जात होतं तुमचं?

ओसरीवर बसले होते, बशी मांडीवर. म्हणाले, "गुरुजी, आज मी आसरेच्या नावानं पेंढ्या काढल्या असत्या, तर उद्या दुसऱ्या कुणी आसरेच्याच नावानं घातल्या असत्या. आणि पोरांना मंग काय शिकवायचं?"  मग हसले. "आणि खरं सांगू? तेवढंच बोलायला दम पुरला. त्यात जे खरं होतं ते निघून गेलं."

त्या उन्हाळ्यात गाव नदीत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत राहिलं. ज्यांनी डोहाचं गाळून प्यायलं त्यांच्या घरात हगवण लागली, दोन तान्ही लेकरं गेली. लोक हळहळले. पावसाळ्यात पूर आला, डोह धुऊन निघाला, पाणी पुन्हा नितळ दिसायला लागलं. पाटील मला मुद्दाम बोलावून म्हणाले, "बघा गुरुजी, माय आपली आपन साफ झाली का न्हाई?" आणि आश्विनात पेंढ्या पुन्हा वर गेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा. लढाई संपली, गुत्तेदार काही संपला नाही, आता त्याला सरकीच्या पोत्यांसाठी वाख हवा होता. डोहात एक दिवस मासे दिसले म्हणून गावानं नारळ फोडला. वामनरावांनी बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "मरळ हाय. ती चिखलातबी जगती, वर येऊन हवा पिती. ती दिसली म्हणून नदी बरी झाली, असं न्हाई." हे त्यांनी गावाला सांगितलं नाही. नारळ फोडणाऱ्यांचे चेहरे फार आनंदी होते.

तरी त्यांनी मिजाजपुर्सी सोडली नाही. बशी सोडायची, दगड उलटायचा, खाली काही नाही हे बघायचं, आणि दगड होता तसा ठेवायचा. मी एकदा वैतागून म्हणालो, आता खाली कुणी राहत नाही, टाका कसाही. ते म्हणाले, "उद्या कुणी राहायला आलं तर?"

पुढं माझी बदली बदनापूरला झाली. स्टेशनाचं गाव, चहाची दुकानं, मी खूश. रझाकारांच्या धामधुमीचं ते वर्ष, रस्त्यावर भरवसा नव्हता. उन्हाळ्याच्या अखेरीला निरोप आला, मास्तरांचा दमा फार झाला आहे, भेटायचं तर या. कसाबसा पोचलो.

नव्या कौलांच्या घरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळं गाव आलं होतं. ज्यांनी पाण्याचं विचारणं सोडलं होतं त्या बायाही आल्या होत्या, कुणाच्या हातात तुळस, कुणाच्या हातात दहीभात. उदाचा धूर कोंदला होता. मधोमध वामनराव, पाठीमागं पाठ लावून अण्णा बसलेले. तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं, मिटायचं.

"रामनाम घेऊन राह्यले," कुणीतरी म्हणालं आणि हात जोडले.

"मागं सरा," मी ओरडलो, "वारा लागू द्या त्यांना!" लोक पाऊलभर सरले. मी आत पोचेपर्यंत पुन्हा होते तिथं आले. प्रेमानं आलेली माणसं, त्यांना ढकलणार कसं?

त्यांनी मला ओळखलं. हात जरासा हलला. वहिनी त्यांच्या पायाशी बसल्या होत्या, आणि मला दिसलं की ती चिनीमातीची बशी उंबरा ओलांडून आत आली होती. तिच्यात पाणी होतं.

"डोहावर मी सोता गेल्तो, वामन," अण्णा म्हणाले. म्हातारे झाले होते, आवाज फाटत होता. "आपल्या मायचं पानी आनलंय. घे." त्यांनी बशी भावाच्या ओठांना लावली.

उन्हाळ्याच्या अखेरीचं डोहाचं पाणी. मला त्याचा वास येत होता. वामनरावांनी घोट तोंडात घेतला आणि डोळे मिटले. पाणी या गालातून त्या गालात गेलं. अगदी जुन्या सवयीनं, जसे काही गुडघाभर नदीत उभे आहेत. सगळी खोली थांबली. गेल्या कित्येक वर्षांत न विचारलेला प्रश्न अण्णांच्या तोंडातून निघाला, "कसंय रे?"

वामनरावांनी घोट गिळला. मी त्यांना गिळताना पहिल्यांदा बघितलं. डोळे उघडले, मान मागं करून अण्णांचा चेहरा शोधला, त्या चेहऱ्याकडं बघत राहिले, आणि म्हणाले, "गोड."

अण्णा लहान पोरासारखे रडायला लागले. मी दारात आलो. पाटील उंबऱ्याशी उभे होते, पागोटं काढून हातात धरलेलं. डोळे पुसत म्हणाले, "ऐकलं न गुरुजी? पानी गोड हाय. मास्तर पान्याच्या बाबतीत कधी खोटं बोलले न्हाईत." मागच्या लोकांनी ते ऐकलं आणि माना डोलावल्या. मला तोंड उघडायचं होतं. पण आत अण्णा होते.

मी वळून बघितलं. माणसांच्या फटीतून फक्त त्यांचा हात दिसत होता, घोंगडीवर पालथा. अण्णांनी तो उचलला, कपाळाला लावला, आणि होता तसा पुन्हा ठेवला.